संध्याकाळी साडेपाच ते सात

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात ‘युवक आणि क्रीडा’ या विषयावर केलेले भाषण. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहून देताना घातले आहेत.)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत. माझ्यानंतर गाण्यांचा कार्यक्रम आहे आणि त्यानंतर लकी ड्रॉ, त्यामुळे कोणाचं लक्ष कुठे आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. लवकर आटपतो.

मी 31 वर्षं शाळेत पीटीचा शिक्षक होतो. दरवर्षी स्नेहसंमेलनात पाहुणे येऊन एक वाक्य हमखास बोलायचे : मुलांना मैदानाकडे वळवा, म्हणजे ती वाईट मार्गाला लागणार नाहीत. पाहुणे आले नाहीत तर ते वाक्य मी बोलायचो. टाळ्या पडायच्या. निवृत्तीनंतर तीन वर्षं मी बाल न्याय मंडळावर समाजकार्यकर्ता सदस्य म्हणून बसलो, आणि तिथे पहिल्या काही महिन्यांतच लक्षात आलं की हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल आज बोलायचं आहे, कारण त्याचा संबंध आपल्या सोसायटीशी आहे आणि थोडाफार माझ्याशीही.

माझ्यापासूनच सुरुवात करतो. गेटमधून आत आल्यावर डाव्या हाताला एक गंजलेला बोर्ड आहे. ‘आवारात बॉल खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.’ नवीन मंडळींना ठाऊक नसेल, हा मजकूर माझा आहे. 2011 साली मी सेक्रेटरी होतो. 2 एप्रिलला वानखेडेवर धोनीनं तो षटकार मारला आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्याकडचा प्रत्येक पोरगा धोनी झाला. मे महिन्यात ए विंगमधल्या एका गाडीची पुढची काच गेली. पुढच्याच आठवड्यात एका आजींच्या हाताला बॉल लागला. आजी काही बोलल्या नाहीत, पण त्यांचे चिरंजीव बरंच बोलले. मग कमिटीची सभा, ठराव, बोर्ड. पीटीच्या मास्तरनं खेळायला बंदी घातली! आमच्या सौ. तेव्हाही हसल्या होत्या. मैदान मोकळं दिसायला लागल्यावर त्यातल्या अर्ध्या भागावर पांढरे पट्टे मारून चौदा गाड्यांची सोय झाली. नऊ नंबरचा पट्टा माझा.

मुलं कुठे गेली, हे आम्ही कोणीच विचारलं नाही. काचा फुटायच्या थांबल्या, एवढं आम्हाला पुरलं.

आता मंडळाबद्दल. पुष्कळांना वाटतं तिथे कोर्टासारखा पिंजरा असतो. तसं काही नसतं. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांतली एक तरी महिला हवी, असं 2015 च्या कायद्यात आहे. उंच व्यासपीठ नाही. मुलासमोर पोलिसानं गणवेशात यायचं नाही. ‘आरोपी’ म्हणायचं नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणायचं. हा शब्द मला पहिला आठवडाभर नीट उच्चारता येत नव्हता. मुलाची ओळख उघड करण्याला कायद्यानं बंदी आहे, म्हणून गाव, वय, गुन्हा यांपैकी काही सांगत नाही.

परिविक्षा अधिकारी प्रत्येक मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल मंडळापुढे ठेवतात. घर, शाळा, मित्र, सवयी असं सगळं त्यात असतं. तो वाचून झाला की मी सवयीनं एक प्रश्न विचारायचो : शाळा सुटल्यावर काय करतोस? पीटीचा मास्तर दुसरं काय विचारणार! माझी अपेक्षा असायची की मुलगा म्हणेल, काही खेळत नाही. पण खेळणारी मुलं भरपूर निघायची. कोणी जिल्ह्यापर्यंत गेलेला, कोणी मंडळाच्या कबड्डीत पकडी करणारा, कोणी टेनिस बॉलच्या नाइट मॅचेसमध्ये पैसे घेऊन खेळणारा. एकानं मला पकड कशी करतात ते बसल्या बसल्या हातानं दाखवलं आणि ती अगदी बरोबर होती. शेजारी बसणाऱ्या ताई मला म्हणाल्या, “सर, तुमचं औषध तर सगळ्यांनी घेतलेलं दिसतंय.” मी गप्प बसलो.

मग वाचायला लागलो. रिकामा वेळ होताच. मुलगी बाहेर असते, तिनं काही लेख पाठवले. त्यातलं मला जे कळलं ते साध्या शब्दांत सांगतो.

आइसलँड नावाचा देश आहे. लोकसंख्या चार लाखांच्या आत. 2011 च्या जनगणनेत आपल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या 12 लाखांवर होती, म्हणजे आपल्या तिसऱ्या हिश्श्याएवढा तो देश. 1998 साली तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना विचारलं, तेव्हा शंभरातल्या 42 जणांनी कबूल केलं की गेल्या महिन्यात आम्ही दारू पिऊन झिंगलो होतो. रोज सिगारेट ओढणारे 23. अठरा वर्षांनी, 2016 साली, ते 42 चे 5 झाले होते आणि 23 चे 3. मधल्या काळात त्यांनी काय केलं? खेळ वाढवले, हे तर आहेच. पण एकटे खेळ वाढवले नाहीत. शहरात प्रशिक्षित कोच नेमले. राजधानी रेक्याविकमध्ये महापालिका प्रत्येक मुलाच्या नावावर वर्षाला ठरावीक रक्कम ठेवते, ती खेळाच्या, संगीताच्या, नाचाच्या क्लासच्या फीसाठी वापरायची. म्हणजे गरिबाचं पोर फीपायी बाहेर राहत नाही. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर एकटं बाहेर राहायचं नाही, असा नियम केला. आणि आईवडिलांनी गावागावात एकमेकांना शब्द दिले की आपल्या मुलांना अमुक वाजता घरी बोलवायचं, सगळ्यांनी, म्हणजे “त्याची आई सोडते, तू का नाही सोडत” हा वाद राहत नाही. मला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड वाटते. आपण तीन विंगमध्ये पाण्याच्या वेळेवर एकमत करू शकत नाही!

त्याच देशातल्या अभ्यासकांना आणखी एक गोष्ट दिसली. क्लबमध्ये, कोचच्या हाताखाली, ठरल्या वेळी खेळणाऱ्या मुलांमध्ये दारूचं प्रमाण कमी होतं. आपापलं कुठेतरी जमून खेळणाऱ्यांमध्ये तसा फायदा दिसला नाही. खेळ तोच, बॉल तोच.

स्वीडनमधलं तर याहून विचित्र. तिथे सरकारनं मुलांसाठी संध्याकाळची केंद्रं काढली होती. टेबल टेनिस, बिलियर्ड, टीव्ही, कॉफी. हेतू चांगला : मुलं रस्त्यावर नकोत. मोठी माणसं हजर असायची, पण कोणी काही शिकवायचं नाही, करून घ्यायचं नाही. यायचं, बसायचं. महोनी आणि स्टॅटिन या दोन संशोधकांनी 2000 साली चौदा वर्षांच्या सातशेवर मुलामुलींचा अभ्यास छापला. शिस्तबद्ध कार्यक्रमात जाणाऱ्यांच्या कागाळ्या कमी होत्या, आणि या केंद्रांवर नियमित जाणाऱ्यांच्या जास्त. आधीच बिघडलेली चार मुलं आणि नुकती बिघडू पाहणारी चार मुलं रोज एका छपराखाली बसवली की कोण कोणाला काय शिकवणार, हे सांगायला संशोधक कशाला हवा, असं तुम्ही म्हणाल. पण इमारत बांधताना हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं ना.

नॉर्वेमध्ये एन्ड्रेसन आणि ओल्वेयस यांनी अकरा ते तेरा वयाची मुलं दोन वर्षं पाहिली. बॉक्सिंग, कुस्ती, वजन उचलणं, कराटेसारखे प्रकार करणाऱ्या मुलांमध्ये मारामाऱ्या आणि इतर उपद्व्याप कमी होण्याऐवजी वाढले. हे वाचताना मला आमचं लालबाग आठवलं. मी गिरणगावातला. आमच्याकडे व्यायामशाळांना तोटा नव्हता, एका गल्लीआड एक. हनुमानाचा फोटो, लाल माती, पहाटे पाचला दंड-बैठका. वस्ताद उभे असेपर्यंत कोणाची वर मान करायची टाप नव्हती. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. घराघरातला बाप घरी बसला, काही वस्ताद गावाला निघून गेले, आखाडे ओस पडले. आमच्याबरोबर घाम गाळलेल्या पोरांपैकी काही पुढे कोणासाठी दंड फुगवून हिंडायला लागली ते लालबाग-परळच्या मंडळींना सांगायला नको. शरीर आखाड्यात कमावलेलं होतं. ते कोणाच्या कामाला लावायचं हे नंतर दुसऱ्याच कोणी ठरवलं.

कुस्ती किंवा कराटे वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्या बी विंगमधली मुलगी कराटेत ब्राउन बेल्ट आहे आणि तिच्याकडे बघून कोणीही समाधान मानावं. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. खेळणारी मुलं चांगली वागतात असं जेव्हा दिसतं, तेव्हा पुष्कळदा जो मुळात घरी-शाळेत रमलेला असतो तोच संघात टिकलेला असतो. बाकीचे आधीच गळालेले असतात. ते कोण गाळतं?

मी गाळत होतो. शाळेत पटावर दीडशे मुलं असली की आंतरशालेय स्पर्धेसाठी आम्ही बारा निवडायचो. चौदा वर्षांखालील, सतरा वर्षांखालील, शाळेला ढाल हवी, पालकांना दहावीचे वाढीव गुण हवेत. उरलेली मुलं कडेला बसून दप्तरं सांभाळायची. त्यात एक रेडर होता. उंचीनं कमी, पण पाय असे की पकड लागायचीच नाही. घरची परिस्थिती बेताची म्हणणंसुद्धा जास्त होईल. चार दिवस सरावाला आला नाही. पाचव्या दिवशी आला तर तोंडाला माव्याचा वास. मी त्याला सगळ्या संघासमोर उभा केला आणि बाहेर काढला. शिस्त म्हणजे शिस्त. स्टाफरूममध्ये माझं कौतुक झालं.

संध्याकाळी पाच ते सात तो मुलगा रोज माझ्यासमोर असायचा. त्याला काढल्यावर पाच ते सात तो कुठे असेल, हा विचार मी केला नाही. त्याच वर्षी त्यानं शाळा सोडली. पुढचं मला माहीत आहे, पण इथे सांगण्यासारखं नाही. मंडळावर बसलो तेव्हा प्रत्येक फाइल उघडताना तो मला आठवायचा, एवढंच सांगतो.

अमेरिकेतल्या पोलिसांच्या नोंदी वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत की शाळेच्या दिवशी मुलांच्या हातून होणारे मारामारीचे गुन्हे सगळ्यात जास्त शाळा सुटल्यानंतरच्या काही तासांत होतात, रात्री नाही. आपण रात्रीची भीती घालतो. आपल्याकडचा हिशेब करून बघा. शाळा सुटते पाचच्या आसपास. आईबाप लोकलला लटकून घरी पोचतात साडेसात-आठला. मधले अडीच तास मुलगा कोणाचा असतो?

नागपूरच्या विजय बारसे सरांचं नाव ‘झुंड’ सिनेमामुळे सगळ्यांना माहीत झालं. त्या सिनेमात ते काम अमिताभ बच्चननी केलं आहे, म्हणून गोष्ट फार मोठी वाटते. मुळात ती साधी आहे. कॉलेजात खेळाचे शिक्षक असलेले हे गृहस्थ पावसात कुठेतरी थांबले, आणि त्यांना झोपडपट्टीतली मुलं एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली. त्यांनी मुलांना फुटबॉल दिला आणि 2001 पासून त्यांच्यासाठी स्पर्धा भरवायला लागले. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की बॉल देऊन ते घरी गेले नाहीत. बॉल काय, नगरसेवकही देतो, वाढदिवसाला.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये सी विंगच्या गच्चीवरचं सोलर पॅनल फुटलं आणि दोन स्कूटरमधलं पेट्रोल गेलं. कमिटीनं फुटेज पाहिलं. सर्वांची पक्की खात्री होती की मागच्या चाळीतली पोरं असणार. ती नव्हती. पाचही मुलं आपली होती. (नावं सगळ्यांना माहीत आहेत, आज कोणी घेऊ नयेत ही हात जोडून विनंती. त्यांचे आईवडील या सभागृहात आहेत आणि त्यांनी भरपाई केव्हाच दिली आहे.) पोलिसांत देऊ असा सूर निघाला. मी सांगितलं की एवढ्यासाठी पोलीस मुलावर साधारणपणे एफआयआर घेत नाहीत, स्टेशन डायरीत नोंद करतात आणि प्रकरण मंडळाकडे जातं. आणि तिथे बसणारा माझ्यासारखाच कोणीतरी त्याला विचारेल, शाळा सुटल्यावर काय करतोस? उत्तर आपल्या गेटवरच लिहिलेलं आहे.

तेव्हापासून मैदानाच्या उरलेल्या अर्ध्या भागात रोज साडेपाच ते सात आपण खेळ सुरू केला. पहिला आठवडा फक्त भांडणं झाली. क्रिकेट मी मुद्दाम घेतलं नाही, एक तर काचा, आणि दुसरं म्हणजे ज्याची बॅट त्याचं राज्य. खो-खो घेतला, जागेच्या मानानं आखूड पाट्या आखून. खो-खोत एक बरं असतं, जाड मुलगा, हळू मुलगा, लाजरा मुलगा, सगळ्यांना पाठीवर खो मिळतो. कडेला दप्तर सांभाळायला कोणी उरत नाही. मुली दोन दिवस आल्या आणि बंद झाल्या. बी विंगच्या एक वहिनी खुर्ची टाकून बसायला लागल्या, तेव्हा परत आल्या. वहिनींना खो-खोतलं काही कळत नाही, तरी त्या सगळ्यांना नावानं ओरडतात. त्याचा माझ्या शिट्टीपेक्षा जास्त उपयोग होतो.

आपल्या वॉचमनचा मुलगा येतो, मागच्या चाळीतली सात-आठ मुलं येतात. त्यावर तक्रार आली की आमच्या मेंटेनन्सवर बाहेरची मुलं का खेळवता. तक्रार लेखी आहे, तिचा मान राखतो. पण ती मुलं नसती तर दोन संघच होत नाहीत, हे एक. आणि पेट्रोल कोणी काढलं होतं ते वर सांगितलं, हे दुसरं.

सगळं छान झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. त्या पाचांपैकी तिघं नियमित येतात, त्यातला एक आता लहानांना पाठलाग शिकवतो आणि माझ्यापेक्षा बरा शिकवतो. चौथा मनाला येईल तेव्हा येतो. पाचवा दिवाळीपासून येत नाही. मी दोनदा त्याच्या घरी गेलो. दार त्यानंच उघडलं, “येतो काका,” म्हणाला, आला नाही. या वेळी मी त्याचं नाव कमी केलेलं नाही. रोज संघ पाडताना त्याची जागा धरून ठेवतो, मुलं कुरकुर करतात तरी.

पुढच्या महिन्यात वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. विषय क्रमांक सहा : मैदानाच्या उर्वरित भागात गाड्यांसाठी शेड. गाड्यांची अडचण मला कळते, माझी स्वतःची गाडी आहे. मेपासून नऊ नंबरचा पट्टा मी सोडला आहे आणि गाडी बाहेर रस्त्यावर लावतो. आतापर्यंत दोनदा आरसा फुटला. सौ.नी त्याचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवला आहे. पण मंजूर नकाशात त्या जागेवर ‘मनोरंजनासाठी मोकळी जागा’ असं लिहिलेलं आहे. नकाशा ऑफिसच्या कपाटात आहे, मतदानाआधी सगळ्यांनी एकदा पाहावा. आणि तो बोर्ड काढण्याचा ठराव मी स्वतः मांडणार आहे. लावायचाही मीच मांडला होता, तेव्हा कोणी विरोध केला नव्हता.

जाता जाता एक काम सांगतो. दर गुरुवारी मला गुडघ्याच्या फिजिओथेरपीला जावं लागतं. त्या दिवशी मैदानावर कोणी मोठं माणूस नसतं आणि गुरुवारीच भांडणं होतात. खेळ येण्याची अट नाही. साडेपाचला खाली यायचं, सातपर्यंत थांबायचं, मुलांची नावं पाठ करायची. वही आणि शिट्टी मी देईन. ज्यांना जमेल त्यांनी आज लकी ड्रॉनंतर मला भेटा. मी चहाच्या टेबलापाशी आहे.